चौथ्या ओळीतले बिल्ले

"परवा सकाळी माझ्या वडिलांना दगडावर खुनी म्हणून कोरणार आहेत," शिक्षिका म्हणाली. पर्समधून रुमाल काढला, पण ती रडली नाही. रुमाल नुसता मुठीत आवळून बसली.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या.

या बाईंना सगळे नुसतं बाईच म्हणत. अर्धं आयुष्य कारखान्यांची तपासणी करण्यात घालवलं, मग वरिष्ठांशी वाजलं, नोकरी सोडली आणि खासगी तपासाचं काम सुरू केलं. सोबतीला थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावोजी. टपाल खात्यातून निवृत्त. गाडी चालवायची, डबा सांभाळायचा आणि चुकीचा अंदाज सगळ्यांच्या आधी सांगायचा, ही कामं ते अगदी मनापासून करत.

"तीस वर्षं झाली," शिक्षिका सांगू लागली. "आमच्याकडे नदीखालून पाण्याचा बोगदा खणत होते. सहा टोळ्या, टोळीत बारा माणसं. बोगद्याच्या मध्यावर एक जाड लोखंडी दार. पलीकडे खोदकाम, अलीकडे पंपघर आणि वर यायचा जिना. नदीचं पाणी आत घुसलं की भोंगा वाजायचा आणि ते दार लावायचं. नाही लावलं तर पंपघरातली माणसंही बुडणार. माझे वडील त्या दाराचे दारवान होते."

"पलीकडे कोणी राहिलंय का, हे कसं कळायचं?"

"बिल्ल्यांवरून. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. दाराच्या अलीकडे भिंतीवर फळा, त्याला खिळे. आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत खिळ्याला अडकवायचा. जो कामावर आलाच नाही, त्याचा बिल्ला दिवसभर खिळ्यावरच. फळा भरला म्हणजे आत कोणी नाही."

"आणि त्या दिवशी?"

"वडील म्हणतात, भोंगा वाजला तेव्हा फळा भरलेला होता. त्यांनी दार लावलं. पाच मिनिटांत पलीकडून थापा पडायला लागल्या." तिने मुठीतला रुमाल आणखी आवळला. "चाक उलटं फिरेना. पाण्याचा दाब. चौघांनी जीव खाऊन जोर लावला. बराच वेळ थापा येत होत्या, मग थांबल्या. चौथ्या टोळीतले अकरा जण होते."

भावोजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"चौकशीत निघालं की पाणी धोक्याच्या रेषेपर्यंत यायला अजून आठ मिनिटं होती. वडील तेवढी मिनिटं थांबले असते तर सगळे वाचले असते. अकरांपैकी एकाच्याही खिशात बिल्ला सापडला नाही. म्हणून ठरवलं की वडिलांनी त्यांना बिल्ले काढायला न लावताच आत सोडलं, फळ्यावर ते आयतेच लटकत होते, आणि यांनी डोळे मिटून दार लावलं. आता शाळेसमोर स्मारक होतंय. शेवटची ओळ आहे, 'दारवानाच्या निष्काळजीपणामुळे.' मी त्याच शाळेत शिकवते. रोज सकाळी त्या दगडापुढून वर्गात जायचं मला."

"वडिलांचं म्हणणं काय?"

"चौकशीत एकच वाक्य बोलले. फळा भरलेला होता. त्यानंतर तीस वर्षांत त्या विषयावर दुसरा शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शिक्षिकेच्या घरी पोचली. भावोजी उंबरठ्यावरच थबकले.

घराला दार नव्हतं. चौकटीवर बिजागऱ्यांच्या जुन्या खुणा आणि एक जाडा पडदा. आत गेल्यावर खोल्यांनाही पडदेच. कपाटांचीही दारं काढलेली. ओसरीत विटांच्या दोन थरांवर एक रुंद फळी टाकून बाक केलेला होता. फळीला मध्येच कडीकोयंड्याची भोकं होती.

"चोरी होत नाही?" भावोजींनी हळूच विचारलं.

"आमच्याकडे येतंय कोण?" शिक्षिका म्हणाली. "रेडिओकाका सोडले तर तीस वर्षांत या घराची पायरी कोणी चढलेलं नाही."

म्हातारा दारवान खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. हाडं मोठी, अंगावर मांस नाही. त्याने बाईंकडे पाहिलंही नाही.

"दार मी लावलं. चाक माझ्या हातांनी फिरवलं. यात शोधायचं काय आहे?" एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

"अरे, असा काय बोलतोस माणसांशी!" बाकावरून आवाज आला. साठीचा, गोल चेहऱ्याचा माणूस पाय हलवत बसला होता. "बसा बसा, बाई. मला सगळे रेडिओ म्हणतात. बटण दाबायला लागत नाही, आपोआप लागतो. रोज सकाळी येतो, याच्याशी दोन तास बोलतो, हा एक शब्द बोलत नाही, असा आमचा छान संवाद चाललाय तीस वर्षं."

"तुम्ही बोगद्यात होतात?"

"चौथ्याच टोळीत! त्या दिवशी तापाने फणफणलो होतो, अंथरुणात पडून होतो, म्हणून वाचलो. नाहीतर हा रेडिओ तेव्हाच बंद पडला असता. आमचा मुकादम म्हणजे काय सांगू, भारी चिकट माणूस. पाळी सुटली तरी याचं काम सुटायचं नाही. त्या दिवशीही नळी तुंबली आणि हा बसला गाळ उपसत, टोळीला घेऊन. चला रे म्हणाला असता तर..."

"चहा घे," म्हातारा एकदम म्हणाला. "गार होतोय."

रेडिओने मुकाट्याने कप उचलला. बाईंनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि वही मिटली.

"तुम्हाला काय वाटतं?" गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"म्हातारा दोषी आहे," भावोजी म्हणाले. "निर्दोष माणूस आरडाओरडा करतो. मी बघा, तुमच्या बहिणीने साखरेच्या डब्यावरून नुसतं बघितलं तरी किती ओरडतो."

"तेव्हा साखर कोणी खाल्लेली असते?"

भावोजींनी गाडी सुरू केली.

बोगद्याचं जुनं कचेरीघर आता संग्रहालय झालं होतं. तिथला राखणदार म्हणजे पूर्वीचा हजेरी-कारकून. त्याने फळा दाखवला. काचेच्या कपाटात, लाखेचं सील अजून शाबूत. सहा ओळी, प्रत्येक ओळीत बारा खिळे, प्रत्येक खिळ्यावर बिल्ला. पाच ओळींतले नंबर नीट समोर दिसत होते. चौथी ओळ मात्र सबंध कोरी. त्या ओळीतल्या प्रत्येक बिल्ल्याने नंबर भिंतीकडे केला होता.

भावोजींनी हात जोडले. "अकरा गेले, अकरा उलटे. दुखवटा म्हणून कोणीतरी फिरवले असणार."

"येणारे सगळे असंच म्हणतात," राखणदार म्हणाला.

"सील कधी केलं?" बाईंनी विचारलं.

"त्याच संध्याकाळी, साहेबांनी स्वतः. तेव्हा आत नेमके कोण आणि किती, हेही कळलं नव्हतं. पाणी उपसायलाच तीन दिवस गेले. सीलला त्यानंतर हात कोणी लावलेला नाही."

"सकाळची हजेरी कुठे लिहायचात?"

"सकाळची नव्हतीच. पाळी संपून सगळे वर आले की मुकादमांना विचारून लिहायची, आणि त्या दिवशी ती राहूनच गेली. आणि चौथी टोळी मला सकाळी दिसायचीच नाही. त्यांचं काम सगळ्यात लांब. सगळ्यांच्या आधी आत, सगळ्यांच्या शेवटी बाहेर. त्यांना आत जाताना बघणारा एकच, दारवान. बाहेर येईपर्यंत चिखलाने असे माखायचे की आईनेसुद्धा ओळखलं नसतं."

शेजारच्या कपाटात टोप्या, कुदळी, कंदील मांडले होते. कोपऱ्यात एक तार होती. दीड वीत लांब, सरळ, एका टोकाला पीळ देऊन बोट जाईल एवढी कडी केलेली. खाली चिठ्ठी होती, 'वरच्या हातपाय धुण्याच्या जागी सापडली. उपयोग माहीत नाही.'

"पाठ खाजवायला," भावोजी ठामपणे म्हणाले.

बाई त्या तारेपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की राखणदाराने खुर्ची आणून दिली.

साहेब, म्हणजे बोगद्याचे तेव्हाचे मुख्य इंजिनिअर, आता स्मारक समितीचे अध्यक्ष होते. बागेतल्या खुर्चीवर ताठ बसून त्यांनी उत्तरं दिली.

"नियम चोख होता. एक फळा, एक रांग, एक माणूस, एक बिल्ला."

"बहात्तर माणसांना एक रांग? शेवटच्याला किती वेळ लागायचा?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"ती कामाच्या वेळेत धरायचात?"

"छे! पाळी संपली की काम संपलं."

"आणि रांग कुठे? गुडघाभर पाण्यात?"

"बोगदा होता तो, बाग नव्हे."

"तक्रार आली नाही?"

"आली होती. अपघाताच्या नऊ महिने आधी दुसरा फळा मागत होते. फाइलवर आहे माझं उत्तर." ते काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

"त्या दिवशी चौथी टोळी मागे का राहिली?"

"ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सांगायला कोण उरलं होतं?"

बाई उठल्या. "संध्याकाळी पाच वाजता दारवानाच्या घरी या. आणि पाथरवटाला निरोप पाठवा, शेवटच्या ओळीला हात लावू नको म्हणावं."

"मी त्या घरी? अजिबात नाही."

"मग उद्या समारंभात सगळ्यांसमोर विचारते, दुसऱ्या फळ्याच्या अर्जाचं काय केलंत म्हणून."

साहेब पाच वाजता आले. पडदा बाजूला करताना एकदम म्हाताऱ्याच्या नजरेला नजर भिडली, आणि ते भिंतीला टेकून उभेच राहिले. राखणदार आला होता. रेडिओ नेहमीच्या बाकावर होता. शिक्षिका बापाच्या खुर्चीमागे उभी होती, कोणी तिच्यावरच आरोप ठेवणार असल्यासारखी. ओसरीत सहा माणसं आणि म्हातारा, हवा अगदी कोंदली होती.

भावोजींनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या बारा चकत्या काढल्या. मधोमध भोक, एका बाजूला नंबर. दुपारभर बिस्किटांच्या खोक्यावर कात्री चालवून त्यांची बोटं दुखत होती, आणि हे त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

"एक चकती त्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा," बाई म्हणाल्या.

भावोजींनी अडकवली. नंबर समोर.

"माणूस आपला बिल्ला लावतो तो असा. नंबर बघत बघत लावतो. पाच ओळी अशाच आहेत. आता ही." त्यांनी राखणदाराकडून मागून आणलेली ती तार पर्समधून काढली. कडी मुठीत धरून टोक भावोजींकडे केलं. "यात चकत्या ओवा."

भावोजींनी खिळ्यावरची चकतीही काढून घेतली आणि एकेक नंबर आपल्याकडे ठेवून बाराही चकत्या तारेत सरकवल्या. बाईंनी तारेचं टोक खिळ्याच्या टोकाला टेकवलं आणि टोकाजवळची पहिली चकती खिळ्यावर ढकलली.

नंबर भिंतीकडे गेला. कोरी बाजू समोर आली.

"अरे देवा!" राखणदार पुटपुटला.

"चौथ्या ओळीत कोणी दुखवटा पाळलेला नाही. सील झालं तेव्हा कोण गेलंय हेच माहीत नव्हतं, मग नेमकी तीच ओळ फिरवणार कोण? ती ओळ एकाच माणसाने एकाच तारेवरून भरली. रांगेत चौथी टोळी कायम शेवटी. अर्धा तास फुकट पाण्यात उभं राहायचं. त्यांनी तोड काढली. एकाने सगळ्यांचे बिल्ले तारेत ओवून रांगेत जायचं, बाकीच्यांनी आत कोरड्या जागी बसायचं आणि रांग संपली की थेट जिन्याकडे चालायला लागायचं. रोजचं होतं ते. तारेची कडी बोटाने झिजून गुळगुळीत झालीय. त्या दिवशीही तार बाहेर आली, ओळ भरली, आणि माणसं आत होती. तेवढ्यात भोंगा वाजला. फळा भरलेला होता. दारवान खरं बोलत होता."

शिक्षिकेने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

"म्हणजे अकरांपैकीच कोणीतरी..." साहेब म्हणाले.

"भावोजी, चौथ्या ओळीत उलटे बिल्ले किती?"

"अकरा."

"मोजलेत?"

भावोजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग बाईंच्या हातातल्या तारेकडे बघत म्हणाले, "ओळीत खिळे बारा. ओळ सबंध कोरी होती." त्यांचा चेहरा उतरला. "बारा."

"मेले अकरा. बारावा बिल्लाही त्याच तारेवरून आला. बारावा माणूस तापाने घरी असता, तर त्याचा बिल्ला दिवसभर खिळ्यावरच राहिला असता, नंबर समोर करून."

रेडिओचे पाय हलायचे थांबले होते.

"आणि काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नळी तुंबली आणि मुकादम टोळीला घेऊन गाळ उपसत बसला, हे तुम्ही मला सकाळी सांगितलंत. साहेब तीस वर्षं शोधतायत ते. आतून कोणी जिवंत बाहेर आलं नाही. मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्या घरात रेडिओ गप्प बसल्याचं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते सगळ्यांनाच जड जात होतं.

"माझी पाळी होती," शेवटी तो म्हणाला. "तारेची. मुकादम म्हणाला, तू हो पुढे, आम्ही दहा मिनिटांत येतो. मी बिल्ले लावले, वर गेलो, हातपाय धुतले. भोंगा वाजला. वाटलं, येतच असतील माझ्या मागे. खाली धावलो तर दार लागलेलं. आणि थापा." त्याने तोंडावर हात घेतला. "घरी पळालो, गोधडीत शिरलो. बायको सगळ्यांना सांगत सुटली, ताप आहे म्हणून. आणि मला खरंच ताप भरला हो."

"रोज इथे का येता मग?" शिक्षिकेने विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"सांगायला येतो, पोरी. रोज ठरवून येतो. या बाकावर बसलो की भलतंच काहीतरी बोलायला लागतो."

"मला माहीत आहे," म्हातारा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"सकाळी याला मीच आत सोडलं होतं. कसला ताप आणि कसलं काय. ती तारही मी रोज बघायचो, आणि न बघितल्यासारखं करायचो. मीही पूर्वी त्याच रांगेत उभा राहिलेला माणूस. भोंगा वाजला तेव्हा फळा बघितला. तारेची आठवण झाली नाही मला. थापा पडल्यावर झाली." त्याने कपाळ पुसलं. "याचं नाव घेतलं असतं तर लोकांनी याला जिता सोडला नसता. मूल सहा महिन्यांचं होतं याचं. आणि नाव घेऊन थापा थांबणार होत्या का? हा बडबडतो तेव्हा जरा कमी ऐकू येतात. मी रोज वाट बघत होतो, आज सांगेल, आज सांगेल."

"आणि मी?" शिक्षिका ओरडली. "त्याला वाचवलंत आणि मला कोंडलंत, बाबा! शाळेत माझ्या शेजारी कोणी डबा खायला बसायचं नाही. लग्न मोडलं माझं. दारं काढून टाकलीत सगळी, पण मी एक दिवस तरी बाहेर पडू शकले का?"

म्हाताऱ्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "ओळ बदलता येईल. दारवानाऐवजी..."

"माझं नाव घाला," रेडिओ म्हणाला. "नंबरासकट."

"मग दुसऱ्या फळ्याच्या अर्जावरची सहीही कोरायला लागेल," बाई म्हणाल्या. "नऊ महिने आधीचा अर्ज. तो मंजूर झाला असता तर तार लागलीच नसती. काय लिहिलं होतंत त्यावर, साहेब?"

साहेबांनी खाली पाहिलं. "गरज नाही, असं."

"कोणाचंही नाव नको," शिक्षिका म्हणाली. डोळे पुसून ती पुढे आली होती. "अकरा नावं कोरा. खाली माझ्या वडिलांचं वाक्य कोरा. 'फळा भरलेला होता.' मुलं विचारतील, म्हणजे काय? मी सांगेन. सगळं सांगेन, रांगेपासून. आणि काका, आधी उठा त्यावरून. ते आमचं दार आहे."

दुसऱ्या दिवशी पाथरवटाने तेवढंच कोरलं. दुपारी सुतार आला. भावोजींनी एका बाजूने उचललेलं ते दार जुन्या चौकटीत बसवताना त्याने दोनदा रंधा मारला, कारण तीस वर्षांत लाकूड फुगलं होतं. निरोप घ्यायला आलेल्या बाई आतच चहा घेत होत्या. म्हाताऱ्याने दार स्वतःच्या हाताने लोटून बघितलं, कडी लावली आणि खुर्चीत येऊन बसला.

थोड्या वेळाने बाहेर चपलांचा आवाज आला. पायरीपाशी थांबला. तीस वर्षं नुसता पडदा सारून आत येणाऱ्या माणसाला आता काय करावं ते सुचत नसावं.

मग दारावर थाप पडली. एकच, हलकी.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. शिक्षिका झटकन उठली आणि दाराकडे निघाली.

"थांब," तो म्हणाला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो उभा राहिला. "मी उघडतो."